मदत हवी आहे: चिनीभाषकांसाठी इंग्रजीची चाचणी, चूक कानाची की व्याकरणाची?

नमस्कार मंडळी,

मी तैवानमध्ये शिनचूला राहते. दर शनिवारी इथल्या एका केंद्रात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात १४ जण आहेत, बरेचसे इथल्या सायन्स पार्कात कामाला. पुढच्या महिन्यात वर्गाचे दोन गट करायचे म्हणून चाचणी घेतली: व्याकरण ३०, ऐकणं २०, वाचन २०. निकाल पाहून गोंधळले आहे.

व्याकरणात बहुतेकांना २५च्या वर गुण आहेत. तीच माणसं चहाच्या सुट्टीत "यस्टरडे आय गो" म्हणतात आणि ऐकण्याच्या भागात सात-आठ गुणांवर अडकली. चार पर्यायांतून बरोबर रूप हुडकायचा सराव त्यांना दांडगा आहे. काही जण टोइकची (नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची) तयारी करतात. तिथे ऐकण्याचे १०० आणि वाचनाचे १०० प्रश्न, सगळेच पर्यायांचे.

माझी खरी अडचण ऐकण्याची आहे. मँडरिनमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रमाण चिनीत, काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही. 'काल', 'उद्या' असे शब्द येतात, काम झालं हे सांगायला 'ल' जोडतात, क्रियापद आहे तसंच राहतं. शिवाय शब्दाच्या शेवटी न आणि ङ सोडले तर व्यंजन फारसं येतच नाही. मग 'वॉक्ड'मधला शेवटचा ट त्यांना ऐकूच आला नाही, की ऐकू येऊनही भूतकाळाशी जोडला गेला नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि माझ्या चाचणीतून ते कळत नाही. (वर्गातल्या दोन आजींच्या घरी हाक्का ही वेगळी चिनी बोली बोलतात. त्या भाषेत शब्दाच्या शेवटी प, त, क येतात. त्या दोघींचे ऐकण्याचे गुण बरे आहेत, पण दोघींवरून काय ठरवणार?)

त्यात मी दिलेलं वाक्य होतं "दे वॉक्ड टू द मार्केट". घरी पुन्हा ऐकलं तर तो ट पुढच्या 'टू'मध्ये मिसळून गेलेला. मलाही ओळखता येईना! त्यांचे गुण उगाच कापले, याचं फार वाईट वाटतंय.

वाचनात लांब वाक्यं अडतात. मँडरिनमध्ये सगळं वर्णन नामाच्या आधी येतं, आपल्या 'काल आलेला माणूस'सारखं, त्यामुळे 'द मॅन हू...' लांबलं की कर्ता हरवतो. आपल्या 'जरी... तरी'सारखी त्यांचीही जोडी आहे, 'स्वेइरान... तान्श'; म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' हमखास. माझी आई सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवायची, तिच्याकडच्या वह्यांतही हीच चूक लाल शाईत दिसायची.

कुणी अशा चाचण्या बनवल्या असतील तर कृपया सांगा, कान आणि व्याकरण वेगळं कसं तपासायचं?

प्रतिसाद १

ताई, पर्याय काढून टाका आणि श्रुतलेखन द्या. क्रियापदानंतर स्वर येईल अशी वाक्यं घ्या: "दे वॉक्ड इन्टू द शॉप". अर्ध्या वाक्यांत 'यस्टरडे' ठेवा, अर्ध्यांत काळाचा शब्दच नको. 'यस्टरडे' असताना 'वॉक्ड' लिहिलं आणि नसताना 'वॉक', तर कान कमी पडतोय. 'यस्टरडे' असूनही 'वॉक' लिहिलं, तर नियम फक्त परीक्षेपुरता पाठ आहे. वाचनाची उत्तरं चिनीत लिहू द्या, नाहीतर वाचनाऐवजी लेखनच तपासलं जाईल. आणि ध्वनिमुद्रण एकट्या तुमच्या आवाजात नको. टोइकमध्येही अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन उच्चार असतात.

धागाकर्ती

मनापासून आभार! 'यस्टरडे'चं मला सुचलंच नव्हतं. या शनिवारी अशी १२ वाक्यं घालते आणि निकाल इथेच लिहिते. एकच विचारायचं राहिलं: व्याकरणाचे आधीचे ते ३० गुण गट पाडताना धरू, की सोडूनच देऊ?