तुरुंगातल्या कलावंताच्या उपोषणाने काय साधते?

खानापूरकर:
आमच्या वाचनालयात तुरुंगात उपोषण केलेल्या कलावंतांवर व्याख्यान ठेवायचे आहे. सत्याग्रह, हिंडलग्याचा तुरुंग, साखळी उपोषण हे सीमाभागाला नवे नाही. तरीही काही ज्येष्ठांचे म्हणणे असे, की अशा उपोषणाने सरकार हलत नाही, कलावंत मात्र हकनाक जातो. जाणकारांनी मत द्यावे.

निपाणीकर:
ओलेग सेन्त्सोव्ह यांच्यावर अवश्य बोलावे. क्रिमियातल्या या युक्रेनियन दिग्दर्शकाला रशियन न्यायालयाने २०१५ मध्ये २० वर्षांची शिक्षा ठोठावली. १४ मे २०१८ रोजी त्यांनी उत्तर रशियातल्या लाबितनांगीच्या तुरुंगात अन्न सोडले, आणि मागणी केली ती स्वतःच्या नव्हे, तर रशियाच्या कैदेतल्या सर्व युक्रेनियन राजकीय बंद्यांच्या सुटकेची. सक्तीने अन्न भरवले जाणार हे दिसल्यावर १४५ दिवसांनी त्यांनी उपोषण थांबवले, तेव्हा मागणी मान्य झालेली नव्हती. मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये दोन्ही देशांनी प्रत्येकी ३५ जणांना सोडले, त्यांत ते होते. ही सुटका केवळ उपोषणामुळे झाली असे म्हणता येणार नाही, पण त्या बंद्यांचा प्रश्न जगासमोर आला तो मुख्यतः त्यामुळेच, असे मला वाटते.

टिळकवाडीकर:
ज्येष्ठांची भीती खरी आहे. तुर्कस्तानातल्या ग्रुप योरुम या संगीतवृंदाची गायिका हेलिन बोलेक २८८ दिवसांच्या उपोषणानंतर ३ एप्रिल २०२० रोजी गेली. तिचे सहकारी इब्राहिम गोकचेक यांनी ३२३ व्या दिवशी उपोषण सोडले आणि दोनच दिवसांत तेही गेले. कार्यक्रमांवरची बंदी उठवा आणि अटकेतल्या साथीदारांना सोडा, हे त्यांचे मुख्य मागणे होते. इतक्या साध्या मागण्यांसाठी दोन माणसे मरू दिली गेली, याचा जाब उपोषण करणाऱ्यांना नव्हे, सरकारला विचारला पाहिजे.

याउलट इराणी दिग्दर्शक जाफर पनाही फेब्रुवारी २०२३ मध्ये उपोषण सुरू केल्यावर दोन दिवसांत सुटले; पण त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने आधीच रद्द केली होती. कायदा बाजूने असला की उपोषणाला बळ येते, नसेल तर बाहेरच्यांनीच ते द्यावे लागते.

म्हणून बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांना विसरू नये. राजद्रोही ठरलेल्या कवितेसाठी कैदेत असताना, बंद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १९२३ मध्ये हुगळीच्या तुरुंगात महिन्याहून अधिक काळ उपोषण केले. साहित्याला तुमची गरज आहे, उपोषण सोडा, अशी तार रवींद्रनाथांनी केली, ती त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाही. अखेर ज्यांना ते आई मानत, त्या बिरजासुंदरी देवींच्या हातून लिंबाचा रस घेऊन त्यांनी उपोषण सोडले. आपल्या ज्येष्ठांना हा प्रसंग अवश्य सांगावा, आणि तारीख ठरली की इथेच कळवावी. आम्ही काही जण येऊ.