डाग फिरतो, म्हणून तेज बदलतं

तेज कमी-जास्त होतंय म्हणजे तारा आकुंचन-प्रसरण पावतोय, असं कुणालाही वाटेल. तरुण ताऱ्यांत बरेचदा तसं नसतं. वृषभ तारकासमूहातला व्ही ४१० टॉरी हा तरुण तारा घ्या. अंगावर भलेमोठे थंड डाग. डाग आपल्यासमोर आला की तेज उतरतं, पलीकडे गेला की चढतं. स्वतःभोवती एक फेरी १.८७ दिवसांत! (आपला सूर्य विषुववृत्तावर साधारण २५ दिवस घेतो.)

मेख अशी, की रोज रात्री ठरलेल्या वेळी तेजाची एकेकच मोजणी घेतलीत तर त्याच आकड्यांत २.१५ दिवसांची फेरीही तितकीच चपखल बसते. म्हणून एकाच रात्रीत काही तासांच्या अंतराने, शेजारच्या, तेज न बदलणाऱ्या ताऱ्याशी तुलना करून दोन-तीनदा मोजा. खोटा आवर्तनकाळ (एका फेरीचा काळ) तिथेच उघडा पडतो.