येरझाऱ्या थांबल्या म्हणजे माकड सुखी?

घुबड: ‘पिंजऱ्यात खेळणी टांगली, माकडाच्या येरझाऱ्या निम्म्यावर आल्या, म्हणजे ते सुधारलं,’ असं एकाने ठासून लिहिलंय. कसलं डोंबलाचं! उरलेल्या वेळात ते काय करत होतं? ऱ्हीसस माकड पोक काढून, मान खाली घालून, उघड्या डोळ्यांनी कोपऱ्यात बसलंय, शेजारी खडखडाट झाला तरी ढिम्म. तक्त्यात हे ‘विश्रांती’ म्हणून जमा! खरी विश्रांती म्हणजे डोळे मिटलेले, अंग सैल, जोडीदाराला टेकलेलं. वर्तनसूचीत, म्हणजे कोणतं वागणं कशात मोजायचं त्या यादीत, दोन्हींचे रकाने वेगळे हवेत.

तक्तेवाला: तो एक मीच. येरझाऱ्या मोजता येतात. तुमचा ‘पोक’ दोघांनी पाहिला तर दोन उत्तरं. आधी दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ‘कप्पा’ (kappa), 0.8 पर्यंत आणा, मग बोला.

घुबड: व्याख्या नीट लिहिली की येतो. तुम्ही नोंद कशी घेतलीत?

तक्तेवाला: दर मिनिटाच्या ठोक्याला, दहा मिनिटं.

चिमटा: इथेच घोळ! स्वतःला चावणं दोन सेकंदांत उरकतं, ठोक्यांच्या मधल्या फटीतून निसटतं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्येच नोंदीच्या पद्धती वेगळ्या करून ठेवल्यात. लांबणाऱ्या स्थितीला ठोक्याची नोंद चालते. चावणं, केस उपटणं यांसाठी एकाच माकडावर नजर ठेवून प्रत्येक वेळ मोजायची. आणि ती ‘मिनिटात घडलं का, हो-नाही’वाली पद्धत तर नकोच. एकदा चावलं काय, चाळीसदा चावलं काय, दोन्हीला एकच खूण.

तक्तेवाला: पिंजरे चाळीस, माणूस एक. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर सहा तास चाळीस मिनिटं. येता का मोजायला?

चिमटा: मग कॅमेरा लावा. तसंही तुम्ही समोर उभे असताना जी जांभई मोजता, ती पुष्कळदा सुळे दाखवून दिलेली धमकी किंवा ताण असतो. झोप नव्हे.

कोर्टिसोलप्रेमी: एवढा खटाटोप कशाला? विष्ठेतलं कोर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बघा.

घुबड: आलं का कोर्टिसोल! ते समागमानंतरही वाढतं. शिवाय विष्ठेत आदल्या दिवशीची गोष्ट दिसते. वर्तनाशेजारी ठेवा, वर्तनाऐवजी नको.

तक्तेवाला: बरं बाबा, पोकाचा रकाना घालतो. पण उलटंही ऐका. पिल्लूपणी एकटं वाढलेलं माकड पुढे चांगली जोडी मिळाली तरी जागच्या जागी झुलत राहतं. तो जुना व्रण. त्यावरून आजचे हाल ठरवणार?

घुबड: हे मान्य. म्हणूनच प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी. खेळणी टांगण्यापूर्वीचे किती दिवस आहेत तुमच्याकडे?

तक्तेवाला: एक.

चिमटा: आणि तोही खाण्याच्या गाड्याची वाट बघतानाचा असणार. तेव्हा येरझाऱ्या वाढलेल्याच असतात.

तक्तेवाला: …हो, गाड्याच्या आधीचाच.