स्टेशनरीत 'ए' की 'ई'?

प्रश्न: काल ऑफिसच्या मेलमध्ये वह्या-पेनांसाठी 'स्टेशनरी' लिहिताना शेवटी 'ए-आर-वाय' लावलं. साहेबांनी विचारलं, "पेनं जागची हलत नाहीत का?" स्पेलचेकरही गप्प बसला! लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर १: 'ए-आर-वाय' म्हणजे स्थिर, 'ई-आर-वाय' म्हणजे वह्या-पेनं; दोन्ही शब्द खरे, मग स्पेलचेकर कशाला बोलेल? 'ई' एन्व्हलपचा, एवढं धरून ठेवा. गंमत म्हणजे दोघांचं लॅटिन मूळ एकच. स्टेशनर म्हणजे फिरस्ता नव्हे, एका जागी दुकान मांडून बसलेला पुस्तकविक्रेता.

उत्तर २: माझा घोळ प्रिन्सिपलचा. मुख्याध्यापक असोत वा कर्जाची मुद्दल, शेपटाला पाल: पी-ए-एल! तत्त्वाला मात्र 'पी-एल-ई'. (सरांना सांगू नका.)

प्रश्नकर्ती: पाल जन्मात विसरणार नाही. मेल मात्र गेलाय. पेनं राहू देत स्थिर.