२४ व्होल्ट एएमटी ट्रक : चालता चालता गिअर न्यूट्रलला जातो, थांबून चावी फिरवली की परत ठीक

टिपर_दहाचाकी
दहा चाकी टिपर, एएमटी गिअरबॉक्स (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा), २४ व्होल्ट सिस्टीम. ड्राइव्हमध्ये असताना अचानक गिअर सुटतो, डिस्प्लेवर आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा नीट चालतो. खड्ड्यात किंवा घाटात लोड असताना जास्त होतं, पावसात हमखास. सपाट रस्त्यावर दोन-दोन दिवस काहीच नाही. स्कॅनरवर दोन जुने कोड सापडले: गिअर कंट्रोलरच्या (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) सप्लायचा, एफएमआय (दोषाचा प्रकार) ४, आणि एसपीएन (दोष कुठल्या भागात तो नंबर) ६३९, एफएमआय ९. दोन्ही १४ वेळा आलेत. बॅटरी उभ्या गाडीत २५.४, इंजिन चालू असताना २८.१ व्होल्ट. फ्यूज चांगला आहे, रिले बदलून पाहिला. गॅरेजवाले सांगतात, गिअर लीव्हर युनिट बदला. बदलू का?

वायरिंग_अण्णा
थांबा, लीव्हर विकत घेऊ नका. तुमचे कोडच बोलतायत. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज कमी. एसपीएन ६३९ म्हणजे गाडीचं कॅन नेटवर्क (सगळे युनिट एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन), आणि एफएमआय ९ म्हणजे मेसेज वेळेवर येत नाहीत. दोन्हींची संख्या सारखीच, १४. याचा सरळ अर्थ असा की कंट्रोलरचा करंट क्षणभर तुटतो, तो गप्प बसतो आणि बाकीचे युनिट 'याचा मेसेज आला नाही' म्हणून कोड टाकतात. पहिला कोड रोग, दुसरा लक्षण. लीव्हरचा आतला कॉन्टॅक्ट खराब असता तर कंट्रोलर जागा राहिला असता आणि लीव्हरचा स्वतःचा कोड पडला असता, बहुतेक वेळा एफएमआय २.

आता ओहमवर वायर तपासू नका. मल्टिमीटर त्या मोडवर इतका थोडा करंट सोडतो की वायरची एक तार शिल्लक असली तरी रीडिंग चांगलं येतं. १० अँपिअर वाहताना ०.१ ओहमसुद्धा १ व्होल्ट खातो. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्टेज ड्रॉप मोजायचा:

अर्थसाठी (बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वायर) लाल प्रोब कंट्रोलरच्या अर्थ पिनला मागून लावा, काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. क्लँपवर नाही, खांबावरच, नाहीतर क्लँपचा दोष निसटतो. चावी चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावलेले. मग दुसऱ्या माणसाला सिलेक्टर फिरवायला सांगा, म्हणजे सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह) करंट ओढतील. ०.१ पर्यंत ठीक, ०.२ ला संशय, ०.३ च्या वर दोष नक्की. प्लसची बाजू तशीच: लाल बॅटरीच्या प्लस खांबावर, काळा सप्लाय पिनला. फ्यूज आणि रिले धरून ०.५ च्या आत हवं.

वायर टोचून मोजू नका, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. मादी पिनमध्ये जाड प्रोब खुपसू नका, पिन पसरते आणि नवा दोष आपणच तयार करतो.

केबिन_टिल्ट
अण्णांचं बरोबर, पण उभ्या गाडीत ड्रॉप चांगला आला म्हणून समाधान मानू नका. दोष हलवल्यावर येतो, तर हलवूनच शोधा. मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) ठेवा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर धरून हलवत जा. या तीन जागा आधी:

१. केबिन टिल्टच्या बिजागरीजवळ हार्नेस वाकतो तिथे. बाहेरचं प्लास्टिक शाबूत आणि आत तांबं तुटलेलं, असं इथेच होतं. वायर हलकी ओढली की रबरासारखी ताणली जाते. केबिन पूर्ण वर, लॉक बसलेला. अर्धवट उचललेल्या केबिनखाली कुणीही जायचं नाही.

२. गिअरबॉक्सवरचा मोठा कपलर (वायरी जोडणारा प्लग). हिरवी पूड, गायब रबर सील, मागे सरकलेली पिन. सुटी नर पिन घालून ओढून बघा, ती सैल सुटली तर मादी पिन पसरली आहे.

३. गिअरबॉक्सजवळचा चासीवरचा अर्थ बोल्ट.

आणखी एक, जीपीएस, जादा हॉर्न किंवा लाइटसाठी कुणी याच वायरी सोलून काळी टेप मारली आहे का, तेही बघा. असे जोड आधी काढा, मग पुढचं.

कपलर काढून हार्नेसच्या सप्लाय आणि अर्थ पिनमध्ये २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावला तर तो जवळपास १ अँपिअर घेतो. वायर हलवताना बल्ब फडफडला की जागा सापडली. हा बल्ब सिग्नल किंवा कॅनच्या पिनला चुकूनही लावू नका, कंट्रोलर जाईल.

कॅन_६०
नेटवर्कही एकदा तपासून मोकळे व्हा, दहा मिनिटांचं काम आहे. बॅटरीचा मेन बंद करा, डायग्नोसिस सॉकेटमध्ये कॅन हाय आणि कॅन लोमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० चे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलं आहे, ४० आलं तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर आहे. हार्नेस हलवताना आकडा स्थिर राहिला तर नेटवर्क सोडून द्या.

हवेचा संशय असेल तर डिस्प्ले बघा. प्रेशर कमी असल्यावर गिअर लागणार नाही, पण डिस्प्ले चालूच असतो आणि वॉर्निंग येते. तुमच्याकडे डिस्प्लेवर रेघा येतात, म्हणजे हवा नाही, करंट.

टिपर_दहाचाकी
रीडिंग: कॅन ६०.३, हलवूनही स्थिर. प्लस ०.१५. अर्थ ०.०८, पण पहारीने गिअरबॉक्स हलवला की १.४ पर्यंत उडी.

वायरिंग_अण्णा
अर्थच आहे. तो बोल्ट काढा. लगखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंग असणार किंवा क्रिंपच्या (लग वायरवर दाबून बसवलेला जोड) तोंडाशी वायर काळी पडून तारा तुटल्या असणार. चासी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नवीन लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, दातेरी वायसर घाला आणि आवळल्यानंतर वरून रंग किंवा मेण मारा. ग्रीस धातूच्या मध्ये नको. वायर ताठ नको, हातभर वायरीला दोन बोटं तरी ढील ठेवा.

वायर ताणली का गेली हेही बघा. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बसले असतील तर गिअरबॉक्स जास्त हलतो आणि नवीन लगही पुन्हा तुटेल. शेवटी सेल मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ड्रॉप मोजा. ०.५ च्या वर आला तर इंजिनची मोठी अर्थ पट्टी खराब आहे. अशा वेळी स्टार्टरचा करंट कंट्रोलरच्या बारीक अर्थमधून वाट काढतो आणि तीच वायर जाळतो. हे झाल्यावर कोड पुसा आणि लोड घालून खराब रस्त्यावर चालवा. तेव्हा अर्थचा मॅक्स आकडा ०.१ च्या आत राहायला हवा.