प्रतिसाद: गिगाहर्ट्झ नको, व्होल्टेज विचारा

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, वापरलेला प्रोसेसर घेताना "आधीच्या मालकाने ५ गिगाहर्ट्झला चालवलाय म्हणजे चिप भारीच असणार" हे वरचं म्हणणं मला नाही पटत. किती व्होल्टेजवर आणि किती काळ चालवला ते विचारा ना, कारण जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने चिप हळूहळू झिजते, मग तोच वेग धरायला आणखी व्होल्टेज लागतं आणि ओव्हरक्लॉकिंगला जी जागा हवी तीच संपलेली असते. मी तर म्हणेन स्टॉक सेटिंगवर, म्हणजे कंपनीच्या मूळ वेगावरच चाललेला शोधा.

इंटेल असेल तर ओव्हरक्लॉकिंगला नावात के (K) हवा आणि मदरबोर्ड झेड (Z) सिरीजचा. १३व्या-१४व्या जनरेशनच्या आय७, आय९ला जरा जपूनच, त्या जास्त व्होल्टेजमुळे बिघडत होत्या; इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) काढला खरा, पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधरत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या रायझनला पिना प्रोसेसरलाच असतात, उजेडात तिरका धरून ओळीओळीने बघा, एखादी जरी वाकडी दिसली तरी मी तो सोडून देईन.

आणि नुसत्या सीपीयू-झेडच्या (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका हो, समोर बसून निदान अर्धा तास प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा टेस्ट प्रोग्राम) चालवायला लावा, तेवढ्यात टेंपरेचर आणि व्होल्टेज किती दिसतंय तेही बघून घ्या.