चाळिशीनंतर एअर पिस्तूलची पुढची साइट अंधुक दिसते; काय बदलावे?

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ): नमस्कार. माझे वय ५१ असून मी १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो. निशाणाचा काळा गोल स्वच्छ दिसतो, परंतु पुढची साइट (नळीच्या टोकाजवळचा, नेम धरण्याचा उंचवटा) पुसट होते. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारे नेमयंत्र) बसवावा की रुंद साइट घ्यावी?

उत्तर १: भाऊ, स्पर्धेत उतरणार असाल तर रेड डॉट विसरा, या प्रकारात उघड्या (भिंग नसलेल्या) साइटच चालतात आणि भिंग पिस्तूलवर नव्हे, चष्म्यात लावावे लागते. हात लांबवून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजा आणि नेत्रतज्ज्ञांकडून त्या अंतराला साजेसा चष्मा करून घ्या. दूरच्या नंबरात बहुधा +०.५० ते +०.७५ एवढी भर पुरते. वाचनाचा चष्मा मात्र नको, कारण त्याने काळा गोल फारच विरघळतो. तो थोडा पुसट दिसणे योग्यच आहे. नजर साइटवर हवी.

उत्तर २: सहमत. रुंद साइट घेतलीच, तर मागच्या साइटची खाचही रुंद करावी, म्हणजे पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट राहील. गोदामात सराव करत असाल तर आधी प्रकाश वाढवा. डोळ्याची बाहुली आकसली की साइट अधिक रेखीव दिसते.

उत्तर ३: केवळ हौसेसाठी रेड डॉट घेणार असाल, तरी आधी दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम हा डोळ्याचा दोष) तपासून घ्या. ते असल्यास ठिपका फाटल्यासारखा दिसतो.